चार बोटं तांबं

"विष आहे बाई हे," मी म्हटलं. "आंबट वस्तू आणि उघडं तांबं. माणूस मरतो."

गेनाबाईनं केसातला आकडा दातांत धरला होता. तो काढून तिनं एका करवंदाच्या पोटात खुपसला, बिया बाहेर ओढल्या आणि फळ चिनी मातीच्या तामल्यात टाकलं. मग म्हणाली, "सैबेरियात मी मेली नाय. तांबा काय मारते मला?"

तिचं खरं नाव गेनोवेफा. आमच्या वळिवड्याच्या जिभेला ते पेलवायचं नाही, म्हणून सगळे गेनाबाई म्हणत. गावाला लागून रुळाच्या कडेला पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता. चटयांच्या भिंती, कौलांची छपरं आणि प्रत्येक दारापुढं फुलांचा वाफा. लढाईत घरं गेलेल्या बायका आणि पोरं तिथं राहत. मी गेनाबाईकडं पाणी, धुणं, बाजार असं सगळं करायची. नवरा मुंबईला गोदीत म्हणून गेला तो परतलाच नव्हता, म्हणून मी बापाकडं होते. वय असेल वीस-एकवीस. साल सत्तेचाळीस, मे महिन्याचा शेवट.

गेनाबाई मराठी बाजारात शिकली होती, त्यामुळं लहान-थोर सगळ्यांना अरे-तुरे करायची. माझ्या बापालाही. त्यांना त्याची गंमत वाटायची. "राणी सरकार आली," म्हणायचे.

करवंदं जोतिबाच्या डोंगरातून आली होती. काळी पिकलेली तिला नको होती. अर्धी कच्ची, लाल तेवढीच हवी होती. एवढी आंबट की बघूनच दात आंबावेत. चिकानं तिची बोटं एकमेकांना चिकटली होती.

"आधी तेल लावा हाताला," मी म्हटलं. "सांगितलं होतं की नाही?"

"तू सांगते खूप."

"मग ऐका की कधी. वेलदोडे आणू का? दोन लवंगा? मुरंबा कसा घमघमतो—"

"मुरंबा नाय!" तिनं आकडा माझ्याकडं रोखला. "कोंफितुरा. वेलची नाय, लवंग नाय. फळ आणि साखर. फळ फुटायचा नाय. काचेसारखा दिसला पाहिजे."

साखर रेशनची होती. पाच महिने तिनं बिनसाखरेचा चहा पिऊन ती एका डब्यात साठवली होती. तांब्याचं पातेलं कोल्हापुरात तांबट आळीत जाऊन आणलेलं, मुद्दाम बिनकल्हईचं. तांबटानं तीनदा विचारलं म्हणे, बाई, कल्हई नको? आणि हिनं तीनदा नको सांगितलं.

"एवढं कुणासाठी?" मी विचारलं.

तिचा हात थांबला नाही. "लेक येते. काझिक. शुक्रवारी."

लेक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी त्या घरात वावरत होते.

"मग तोंड असं का? लेक येतोय तर पेढे वाटायचे."

"माझ्यासाठी नाय येत. फौजेनं पाठवला. कागद घेऊन. सगळ्या बायकांचे कागद." तिनं मान वर केली. "ज्याचा माणूस फौजेत, त्यानं आईचं नाव लिहायचं. मग आई विलायतेला जाते, त्याच्याजवळ. माझ्या कागदावर काझिकनं लिहायचं."

"मग लिहील की."

"पाच वर्षं एक पत्र नाय, जैबू."

मग तिनं सांगितलं. आकडा चालूच होता. मुलगा चौदा वर्षांचा, कडेवर दुसरं तान्हं, भाकरी नाही. पोलंडच्या फौजेची गाडी आली. ते म्हणाले, मोठा मुलगा द्या, आम्ही खायला घालतो. तिनं दिला. तो ओरडत होता, गाडीच्या फळीला धरून होता. हिनं पाठ फिरवली.

"का फिरवली?"

"रडते ते दिसेल म्हणून. त्याला वाटला, मी टाकला." दोन करवंदं झाली. "बाळ मग अकरा दिवस राहिला."

मीही एक आकडा घेतला आणि बिया काढू लागले.

थोड्या वेळानं ती आपणहून म्हणाली, "मोठ्या घरात असा करायचे. लाल. बरणी खिडकीत ठेवली की भिंतीवर लाल डाग पडते. काझिक लहान होता. त्या डागावर असा हात ठेवायचा." तिनं चिकानं काळा झालेला पंजा हवेत धरला. "तो मी त्याला देणार. पुरी बरणी."

माझ्या मनात आलं, बाई चांगल्या खानदानी घरातली दिसते. आणि लगेच दुसरं आलं : पाच वर्षांनी येणाऱ्या लेकाला ही आपल्या हातानं विष चारणार.

त्याला कारण होतं. माझे अब्बा, दस्तगीर, कल्हईवाले. आम्ही आधी दुसऱ्या गावात राहायचो. तिथं एका लग्नात मोठं पातेलं काढलं होतं. अब्बांनी मालकाला सांगितलं, कल्हई उडालीय, हात मारून देतो. मालक म्हणाला, लग्न होऊ दे, मग बघू. त्यात चिंचेची आमटी केली. दुपारपासून माणसं ओकायला लागली. एक म्हातारा गेला. मालकाचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या दारात मात्र दगड आले. मी सात वर्षांची होते. त्या म्हाताऱ्याला बैलगाडीतून नेताना त्याचा एक हात गाडीबाहेर लोंबत होता, तो मी पाहिलेला. आम्ही भाता आणि गाठोडं घेऊन वळिवड्याला आलो.

अब्बा म्हणायचे, "भांडं लोकांचं, जेवण लोकांचं. मरण तेवढं कल्हईवाल्याच्या नावावर."

मंगळवारी पहिली उकळी झाली. फळं पाकात दहा मिनिटं, की उतरवायची. बुधवारी दुसरी. दोन्ही दिवस काम झालं की गेनाबाई सगळं लगेच चिनी मातीच्या तामल्यात ओतून काढायची आणि पातेलं मीठ-लिंबानं घासून पालथं घालायची. एक घटकाही तांब्यात काही राहू द्यायची नाही. हे मी दोन दिवस डोळ्यांनी पाहिलं, पण माझ्या डोक्यात तो हातच लोंबत होता, त्यामुळं पाहूनही पाहिलं नाही. रंग मात्र खरंच बघण्यासारखा आला होता. चमचा उजेडात धरला की माणकासारखा.

बुधवारी संध्याकाळी मी अब्बांना विचारलं. ते नवसागर कुटत होते.

"बाईनं सांगितलंय का कल्हई कर म्हनून?"

"नाही. नको म्हणते."

"मग मिटलं."

"पण अब्बा, तिचा लेक—"

"जैबून." त्यांनी बत्ता खाली ठेवला. "आपन सांगायचं. एकदा, दोनदा, चारदा. मालकानं सांगितल्याबिगर भांड्याला हात लावायचा न्हाई. तो धंदा न्हवं, चोरी हाय."

"त्या लग्नात तुम्ही सांगितलंच होतं की. काय उपयोग झाला?"

त्यांनी बत्ता परत उचलला. नवसागर आधीच बारीक झाला होता, तरी कुटत राहिले.

गुरुवारी सकाळी कॅम्पाच्या कचेरीत बायकांना याद्या करायला बोलावलं. गेनाबाई तीनदा दारापर्यंत गेली, तीनदा परत आली. रुमाल बांधला, सोडला, परत बांधला.

"पातेलं घास. फळं घाल. बारीक आग. मी येते. ढवळायचं नाय, नुसता पातेलं हलवायचा. समजला?"

"समजला, समजला. जावा आता."

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी पातेलं पदराखाली घेऊन पळाले.

अब्बा शेजारच्या गावात फेरीवर गेले होते. अंगणातली भट्टी मी पेटवली. भाता एका हातानं, चिमटा दुसऱ्या हातानं. हे काम मी लहानपणापासून बघत आलेले. अब्बांच्या डोळ्यांना धुराचा त्रास व्हायला लागल्यापासून निम्मं मीच करायची, फक्त गिऱ्हाइकासमोर नाही. तांबं तापलं. नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात पोट पुसून काढलं. चांदी उतरली. पण काठाशी मी थांबले. वरपर्यंत केलं असतं तर बाईला आल्याबरोबर दिसलं असतं. पाक जिथवर येतो तिथवरच कथील नेलं. वरची चार बोटं तांबं तसंच लाल ठेवलं.

हे सुचलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पळतच परत आले. फळं ओतली. चांदी झाकली गेली. शेगडी फुंकली. जीव असा हलका झाला की मी गुणगुणायला लागले.

उकळी येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग फेस आला तो जांभळट. मला वाटलं, धुरामुळं दिसतोय. पातेलं हलवलं. मधला पाक वर आला, तोही तसाच. मी शेगडीतले निखारे काढले, परत घातले. खिडकीची चटई वर केली. उजेडात तर तो आणखीच वाईट दिसला. लाल कुठंच नव्हता. पाटीवर शाई सांडल्यासारखा काळा-निळा गढूळ रंग, आणि दर उकळीला तो दाटत चाललेला.

गेनाबाई आली ती दारातूनच वास घेत. हसत होती. तिनं वाकून पाहिलं आणि हसू तसंच राहून गेलं.

"रंग कुठं गेला?"

मी पदरानं हात पुसत राहिले.

"काय घातला? लवंग घातली?"

"नाही बाई. आईच्यान नाही."

तिनं चाखलं. करवंद चिमटीत धरून उजेडात पाहिलं. साखरेचा डबा हुंगला. मग डाव घेऊन ती भराभरा तामल्यात ओतायला लागली, आणि पातेलं अर्धं झाल्यावर आतून चांदी चमकली.

ती थांबली. काठावरून बोट खाली नेलं. तांबं, मग कथील.

"कोण?"

"मी."

मला वाटलं मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पाटावर बसली.

"लाल फळ कल्हईत करायचा नाय. रंग मरते. म्हणून तांबा." हे ती मला सांगत होती की स्वतःला, कळलं नाही. "पाच महिने, जैबू."

"बाई, तो मेला असता!"

"त्याला मीच मेली आहे." तिनं पातेलं पायानं बाजूला सारलं. "तू घर जा. उद्या येऊ नको."

शुक्रवारी माझा जीव घरात ठरेना. पाणी भरलं, भरलेल्या पाण्यात परत घागर बुडवली. भाकरी करपवली. अब्बा म्हणाले, "काय पायाला इंगळ्या लागल्यात का?" मिरजेकडची गाडी दहाला यायची. शिट्टी ऐकली आणि मी भाकरी तव्यावर टाकून उठले. वाटेत करवंदवालीकडून पदरात लाल करवंदं घेतली. कशाला, ते मला माहीत नव्हतं. साखर कुठली आणि वेळ कुठला. पण रिकाम्या हातानं जाववेना.

दार उघडं होतं. मी ओसरीच्या खांबाआड उभी राहिले.

पोरगा उंच होता. कान उन्हानं सोललेले. खाटेच्या अगदी कडेला बसला होता, पिशवी मांडीवर, टोपी पिशवीवर. गेनाबाईनं पाव, अंडी, चहा, सगळं मांडलेलं. त्यानं कशाला हात लावला नव्हता. कागद टेबलावर पडला होता, त्याच्यापेक्षा तिच्या बाजूला जास्त.

पोलंडची भाषा मला येत नव्हती, पण दोन-चार शब्द कानावर बसलेले. पोरं आईला 'मामो' म्हणून हाका मारत. आणि 'पानी' म्हणजे बाईसाहेब. परक्या बाईला म्हणतात. नवीन असताना कुणी पानी म्हटलं की मी तांब्या घेऊन धावायची, त्यावर सगळा कॅम्प हसायचा.

काझिक आपल्या आईला पानी म्हणत होता.

दोन-तीनदा ऐकलं मी. दर वेळी गेनाबाई एक ताटली उगीच इकडून तिकडं सरकवायची. कोंफितुरा कुठंच दिसत नव्हता. मग फळीवर कोपऱ्यात टॉवेल घातलेली बरणी दिसली.

तो उठला. टोपी घातली. कागदावर बोट ठेवून काहीतरी म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावली. कागद कोराच होता. गेनाबाई हात पोटाशी धरून उभी. पाठ फिरवली नव्हती तिनं. या वेळी तोंड समोरच होतं, आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. पण तो तिच्याकडं बघतच नव्हता.

तो दारात आला आणि मी खांबाआडून पुढं झाले.

"साहेब, चूक माझी आहे!"

तो दचकला. माझ्या पदरातली करवंदं सगळी ओसरीवर सांडली.

"मी कल्हई केली! ती नको म्हणत होती. लाल होता, साहेब, माणकासारखा लाल होता, तुमच्यासाठी पाच महिने साखर खाल्ली नाही तिनं. मी घाण केली. ते बघा, ते पातेलं—" मी बोट दाखवलं. रडत होते, ओरडत होते, त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

त्यानं वळून आईला काहीतरी विचारलं. ती मान हलवत राहिली. त्यानं परत विचारलं. मग तिनं फळीकडं हात केला, आणि तोंड झाकून घेतलं.

तो आत गेला. टॉवेल काढला. बरणी घेऊन खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरली. भिंतीवर लाल डाग पडला नाही. डागच पडला नाही. शाईची दौत असावी तशी ती बरणी. त्यानं झाकण काढून वास घेतला. बोट बुडवलं. तोंडात घातलं.

माझ्या पायानं हललेलं एक करवंद ओसरीवर घरंगळलं, त्याचा आवाज मला ऐकू आला.

मग तो एक वाक्य बोलला. हळू. गेनाबाईनं तोंडावरचे हात काढले. त्यानं तेच वाक्य परत म्हटलं आणि हसला, आणि हसला तेव्हा तो चौदा वर्षांचा दिसला. पिशवी खाली पडली. खाटेवर मधोमध बसून त्यानं पाव तोडला, तो थेट बरणीत बुडवला, खाल्ला, परत बुडवला. हनुवटीवर जांभळा ओघळ आला. गेनाबाई समोर उभीच. मग त्यानं खाता खाता पायानं स्टूल तिच्याकडं ढकललं.

मी दारातच बसले. बोलणं खूप झालं. कधी तो चिडून बोलायचा, कधी ती. एकदा तर तो टेबलावर मूठ आपटून उठला आणि खिडकीशी पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. पण बरणी हातात होती त्याच्या. चार वाजत आले तेव्हा त्यानं पेन मागितलं. कागदावर काहीतरी लिहिलं. मला तेव्हा अक्षर कळत नव्हतं, कुठल्याच भाषेतलं. ते मी पुढं पन्नाशीत नातीच्या पाटीवर शिकले. मी कागदाकडं नाही, गेनाबाईच्या तोंडाकडं बघत होते. तिनं वाचलं. खाली बसली. मग परत वाचलं.

जाताना त्यानं उरलेली बरणी पिशवीत घातली. माझ्याशेजारून जाताना थांबला, सांडलेलं एक करवंद उचलून तोंडात टाकलं, आणि आंबटपणानं डोळे गच्च मिटले. वळणावरून त्यानं हाक मारली, "मामो!" बाकी काय म्हणाला ते कळलं नाही. एवढा शब्द मात्र कळला.

त्यानं तिला माफ केलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. नाव मात्र लिहिलं.

गेनाबाई ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. करवंदं वेचायला लागली.

"काय म्हणाला तो? ते वाक्य?" मी विचारलं.

"म्हणाला, हा आपल्या घरचा आहे."

"म्हणजे?"

"मोठा घर माझा नव्हता, जैबू. मालकाचा. मी तिथं भांडी घासायची, स्वयंपाकाला हात लावायची. लाल कोंफितुरा मालकाच्या टेबलावर. काझिक भिंतीवरच्या डागाला हात लावायचा, कारण बरणीला लावू देत नव्हते." तिनं पदर मागितला, करवंदं त्यात घातली. "आमच्या घरी एक जुना भांडा. कल्हईचा. त्यात दर वर्षी असाच व्हायचा. काळा, घाणेरडा. मला लाज वाटायची."

मग म्हणाली, "मी विसरली होती. त्याच्या तोंडात राहिला होता."

पावसाळा संपत आला तेव्हा तिचं जायचं ठरलं. जायच्या आठवड्यात एक दिवस ती आमच्या अंगणात आली, पातेलं काखेत धरून. अब्बा भट्टीशी बसले होते. मी भात्यावर.

"दस्तगीर, हे कर. घासून घासून कल्हई पातळ झाला."

अब्बांनी पातेलं उजेडात फिरवलं. पोटावरून अंगठा नेला, काठाशी आणला, थांबवला. डोळे बारीक केले.

"ही कल्हई माझ्या हातची न्हवं."

"चांगली नाय?"

"चांगली हाय. हात बरा हाय. पर वरची चार बोटं सोडल्यात." ते माझ्याकडं बघत नव्हते. "हे चोराचं काम हाय."

भाता माझ्या हातात तसाच फुगून राहिला.

"काठापर्यंत करून देतो," अब्बा म्हणाले. "विलायतेला न्यायचं भांडं. लोक नाव ठेवतील."

"नाय," गेनाबाई म्हणाली. तिनं आपली चार बोटं काठाला आतून लावून दाखवली. पातेलं घासून घासून नखं काळी झाली होती. "इथपर्यंत. होता तसा."

अब्बांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, आपल्या जागेवरून बाजूला सरकले, आणि गिऱ्हाइकासमोर चिमटा माझ्या हातात दिला.

"घे. गिऱ्हाईक सांगतंय," ते म्हणाले. "जिथं थांबली हुतीस, तिथंच थांब."